क्लीव्हलँडमध्ये नव्याने आलेल्यांसाठी: स्वतंत्र सिनेमा कोठे आणि कसा पाहावा

शिक्षणासाठी, रुग्णालयातील नेमणुकीसाठी किंवा संगणक क्षेत्रातील नोकरीसाठी ओहायोतील क्लीव्हलँडला मराठी माणसे येत असतात. त्यांच्यापैकी जे पुण्यात, मुंबईत किंवा पणजीत महोत्सवांच्या रांगांत उभे राहिलेले असतात, त्यांना पहिल्याच हिवाळ्यात एक प्रश्न पडतो: न्यूयॉर्क नव्हे, शिकागो नव्हे, अशा या शहरात जगाचा सिनेमा मोठ्या पडद्यावर पाहायला मिळेल का? मिळतो, आणि शहराच्या आकाराच्या मानाने पुष्कळ मिळतो. त्याचे कारण शहराच्या इतिहासात आहे. १९५० च्या जनगणनेत क्लीव्हलँडची लोकसंख्या ९ लाख १४ हजारांवर होती; २०२० मध्ये ती ३ लाख ७२ हजारांवर आली. पोलाद आणि यंत्रोद्योगाच्या भरभराटीत उभी राहिलेली नाट्यगृहे, संग्रहालये आणि कलाशाळा मात्र बऱ्याच अंशी टिकली आहेत, आणि नऊ लाखांच्या शहरासाठी बांधलेल्या या वास्तू आता त्याच्या निम्म्याहून कमी माणसांना चालत्या ठेवायच्या आहेत. त्यामुळे न्यूयॉर्कमध्ये एका प्रेक्षकाच्या असण्यानसण्याने जो फरक पडत नाही तो येथे पडतो. नवागताने ज्या क्रमाने या जगाची ओळख करून घ्यावी असे मला वाटते, त्याच क्रमाने हा लेख लिहिला आहे: आधी वर्षभराची सवय, नंतर महोत्सव.

आधी नकाशा समजून घ्यावा

क्लीव्हलँडच्या सिनेमाचा कणा युक्लिड अ‍ॅव्हेन्यू या एका रस्त्यावर आहे. शहराच्या मध्यभागी, ईस्ट १४ व्या रस्त्याच्या चौकात प्लेहाउस स्क्वेअर हा जुन्या नाट्यगृहांचा समूह आहे. तेथे वसंत ऋतूत मोठा महोत्सव भरतो. त्याच रस्त्याने पूर्वेकडे काही मैल गेले की युनिव्हर्सिटी सर्कल हा संग्रहालयांचा आणि केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाचा परिसर लागतो. तेथे वर्षभर चालणारे सिनेमाथेक, म्हणजे निवडक चित्रपट दाखवणारी संस्था, आहे. २००८ साली सुरू झालेली हेल्थलाइन ही बससेवा या दोन्ही ठिकाणांना थेट जोडते आणि ती रात्रीही चालू असते. मोटार नसलेल्या विद्यार्थ्याला म्हणूनच सिनेमा पाहण्यात अडचण येऊ नये. विमानतळाकडून किंवा शहराच्या पश्चिम भागातून येणाऱ्यांसाठी रेड लाइन ही रेल्वे आहे. तिचे लिटल इटली–युनिव्हर्सिटी सर्कल हे २०१५ साली उघडलेले स्थानक सिनेमाथेकपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. दोन ठिकाणी जायचे असेल तर स्वतंत्र तिकिटांपेक्षा दिवसभराचा पास घ्यावा.

या कण्याबाहेरची दोन नावे लक्षात ठेवावीत. पूर्वेच्या टेकडीवरील क्लीव्हलँड हाइट्स या उपनगरात, ली रोडवर, १९२५ साली उघडलेले सीडर ली चित्रपटगृह आहे. पश्चिमेला गॉर्डन स्क्वेअर भागात १९२१ चे कॅपिटल चित्रपटगृह आहे. ते अनेक वर्षे बंद राहिल्यानंतर वस्तीच्या पुनरुज्जीवनाचा भाग म्हणून २००९ मध्ये पुन्हा उघडले गेले.

सुरुवात सिनेमाथेकपासून करावी

महोत्सवाची वाट पाहत बसू नये, असे माझे नवागताला पहिले सांगणे असते. तो वर्षातून एकदा येतो. सिनेमाथेक आठवड्याच्या शेवटी येतेच. क्लीव्हलँड इन्स्टिट्यूट ऑफ आर्ट या कलाशाळेचा भाग असलेली ही संस्था १९८६ साली सुरू झाली. जॉन यूइंग हे तिचे सहसंस्थापक. पुढे जवळजवळ चार दशके येथे कोणते चित्रपट दाखवायचे हे त्यांनीच ठरवले. शहराच्या सिनेमाभिरुचीला वळण लावणाऱ्या एका माणसाचे नाव घ्यायचे झाले तर ते त्यांचे घ्यावे लागेल. २०१५ पासून सिनेमाथेकचे खेळ युक्लिड अ‍ॅव्हेन्यूवरील पीटर बी. लुईस थिएटरमध्ये होतात.

येथील कार्यक्रम वाचण्याची एक पद्धत आहे आणि ती मल्टिप्लेक्सच्या सवयीपेक्षा वेगळी आहे. मल्टिप्लेक्समध्ये चित्रपट आठवडाभर असतो आणि आपण आपली वेळ निवडतो. सिनेमाथेकमध्ये बहुतेक चित्रपट एकदा किंवा दोनदाच दाखवला जातो आणि आपल्याला आपला दिवस त्याच्याभोवती लावावा लागतो. म्हणून कार्यक्रमपत्रिका हाती आली की ती सबंध वाचून काढावी आणि ठरवलेल्या तारखा लगेच दिनदर्शिकेत नोंदवाव्यात. ‘पुढच्या आठवड्यात पाहू’ असे म्हटलेला चित्रपट बहुतेक वेळा पुन्हा या शहरात येत नाही. एखाद्या दिग्दर्शकाची मालिका चालू असेल तर तिच्यातील एक तरी अपरिचित चित्रपट निवडावा, कारण गाजलेले चित्रपट घरीही मिळतात, पण त्याच दिग्दर्शकाचे आरंभीचे किंवा दुर्लक्षित काम चांगल्या प्रतीत आणि मोठ्या पडद्यावर पाहण्याची संधी क्वचित मिळते.

पत्रिकेत चित्रपटाच्या नावाजवळ ३५ मिलिमीटर असा उल्लेख दिसला तर त्या खेळाला अवश्य जावे. बहुतेक चित्रपटगृहांनी फिल्मची प्रक्षेपणयंत्रे केव्हाच काढून टाकली. येथे ती जपली आहेत आणि ती चालवू शकणारी माणसेही आहेत. फिल्मवर चित्रित झालेला जुना चित्रपट फिल्मच्याच प्रतीवरून पाहताना काळ्या रंगाची खोली आणि प्रकाशाचा पोत वेगळा दिसतो, हे एकदा अनुभवल्यावर अशा खेळांसाठी प्रवास करण्याचा कंटाळा राहत नाही.

दोन-तीन खेळ पाहून झाले आणि जागा आवडली की सभासदत्व घ्यावे. आपल्याकडील फिल्म सोसायटीत सभासद असल्याखेरीज सहसा आत जाता येत नसे. येथे तिकीट कोणालाही मिळते आणि सभासदाला ते स्वस्त पडते. तरुण प्रेक्षकांसाठीही सवलत असते, त्यामुळे विद्यार्थ्याने तिकीट काढण्यापूर्वी तिची चौकशी करावी.

या संस्था चालतात कशा, हेही येथेच सांगितले पाहिजे. तिकिटांतून खर्च भागत नाही. देणग्या आणि सभासद हा एक आधार आहे, आणि दुसरा आधार क्लीव्हलँड ज्यात येते त्या कायाहोगा काउंटीपुरता (काउंटी म्हणजे जिल्हा) विशेष आहे. २००६ साली कायाहोगा काउंटीच्या मतदारांनी सिगारेटवर एक स्थानिक कर मंजूर केला आणि त्याचे उत्पन्न कायाहोगा आर्ट्स अँड कल्चर या सार्वजनिक संस्थेमार्फत कलासंस्थांना देण्याचे ठरवले. दर पाकिटामागे ३० सेंट असा तो दर होता. लोकांनी धूम्रपान कमी केले, ते चांगलेच झाले, पण त्याबरोबर कलांचा निधीही आटत गेला. अखेर २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मतदारांनी हा कर पाकिटामागे ७० सेंटपर्यंत वाढवण्यास मान्यता दिली. चित्रपटापूर्वी पडद्यावर या संस्थेचे नाव दिसते तेव्हा शहरातील सामान्य मतदारांनी मतपेटीतून दिलेला हा आधार आहे, हे नवागताने जाणून घ्यावे.

सीडर लीला पहिल्याच आठवड्याअखेरीस जावे

नव्याने प्रदर्शित होणारे स्वतंत्र (म्हणजे मोठ्या स्टुडिओंबाहेर तयार झालेले) आणि परदेशी चित्रपट पाहण्याचे ठिकाण म्हणजे सीडर ली. असे चित्रपट अमेरिकेत सर्वत्र एकाच दिवशी लागत नाहीत. ते आधी न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसमध्ये येतात, तेथील प्रतिसाद पाहून वितरक ते इतर शहरांत पाठवतो, आणि क्लीव्हलँडपर्यंत पोहोचायला काही आठवडे लागतात. समीक्षा वाचून लगेच शोध घेतला आणि चित्रपट मिळाला नाही, म्हणून निराश होऊ नये. मात्र तो लागला की विलंबही करू नये, कारण शुक्रवार ते रविवार या तीन दिवसांच्या उत्पन्नावरून चित्रपटगृह आणि वितरक पुढच्या आठवड्याचा निर्णय घेतात. पहिल्या रविवारपर्यंत प्रेक्षक आले नाहीत तर शुक्रवारी तो चित्रपट दुपारच्या एका खेळापुरता उरतो किंवा जातोच.

महोत्सवाची तयारी

क्लीव्हलँड इंटरनॅशनल फिल्म फेस्टिव्हल १९७७ साली जोनाथन फोरमन यांनी सीडर लीमध्येच सुरू केला. आठ आठवड्यांत आठ चित्रपट एवढाच त्याचा पहिला आवाका होता. १९९१ पासून तो मध्यवर्ती टॉवर सिटीतील बहुपडदा चित्रपटगृहात भरू लागला आणि तेथेच वाढला. करोनापूर्वीच्या काही वर्षांत त्याची उपस्थिती एक लाखाच्या पुढे गेली होती. २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे तो केवळ आंतरजालावर झाला, आणि २०२२ पासून प्लेहाउस स्क्वेअरमध्ये आला.

हे स्थलांतर प्रेक्षकाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. प्लेहाउस स्क्वेअरची मूळ पाच नाट्यगृहे १९२१ आणि १९२२ मध्ये उघडली. १९७० च्या सुमारास त्यांपैकी काही पाडून वाहनतळ करण्याची तयारी झाली होती, तेव्हा रे शेपर्डसन यांच्या पुढाकाराने नागरिकांनी ती वाचवली. त्यामुळे येथे चित्रपट पाहताना झुंबरे, सज्जे आणि नक्षीदार छते यांच्या मध्ये बसायला मिळते. पण ही नाट्यगृहे नाटकांसाठी आणि सभासमारंभांसाठीही वापरली जातात, म्हणून कडेच्या खुर्च्यांवरून पडदा तिरपा दिसू शकतो. लवकर पोहोचून मधल्या भागात बसावे. दोन खेळ वेगवेगळ्या नाट्यगृहांत असतील तर मध्ये किमान पाऊण तास ठेवावा. काही सभागृहे आतून जोडलेली असली तरी बाहेर पडणाऱ्या गर्दीतून वाट काढायला वेळ लागतो.

महोत्सव साधारणपणे मार्चच्या अखेरीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंतच्या काळात, दहा दिवसांच्या आसपास असतो. पुण्याच्या महोत्सवात एकदा नोंदणी केली की गळ्यात ओळखपत्र अडकवून कोणत्याही सभागृहाच्या रांगेत उभे राहता येते. क्लीव्हलँडमध्ये सहसा प्रत्येक चित्रपटाचे तिकीट वेगळे काढावे लागते. म्हणून निवड आधी करावी लागते आणि खर्चाचा अंदाजही आधी बांधावा लागतो. चार-पाचांहून अधिक चित्रपट पाहायचे असतील तर सभासदत्वाचा हिशेब करून पाहावा: सभासदाला तिकीट स्वस्त मिळते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे सर्वसामान्य विक्रीच्या आधी खरेदी करता येते.

कार्यक्रम जाहीर झाला की पहिल्या दिवशी फक्त वाचावे आणि खुणा कराव्यात. वितरक ठरलेले, मोठ्या महोत्सवांत गाजलेले चित्रपट पुढच्या काही महिन्यांत सीडर लीला येण्याची शक्यता असते. ते मागे ठेवावेत. ज्यांना अमेरिकेत वितरक मिळालेला नाही, जे लहान देशांतून आले आहेत, ज्यांचा दिग्दर्शक स्वतः उपस्थित राहणार आहे, अशा चित्रपटांना पहिला मान द्यावा. लघुपटांचे संच तर कोणीही चुकवू नयेत, असे माझे ठाम मत आहे. हा महोत्सव लघुपटांसाठी ऑस्करची पात्रता देणाऱ्या महोत्सवांपैकी एक आहे, त्यामुळे जगभरातून चांगले काम येथे येते, आणि दीड-दोन तासांत अनेक देशांतील नवे दिग्दर्शक एकत्र भेटतात.

या महोत्सवाचा सर्वांत स्वतःचा असा विभाग मध्य आणि पूर्व युरोपीय चित्रपटांच्या स्पर्धेचा आहे. ती जॉर्ज गंड तिसरे यांच्या स्मरणार्थ आहे. त्यांचे त्या प्रदेशातील सिनेमावर प्रेम होते आणि त्यांनी महोत्सवाला दीर्घकाळ पाठबळ दिले. या स्पर्धेला शहरात मुळे आहेत. क्लीव्हलँडच्या कारखान्यांत काम करायला स्लोव्हेनियन, हंगेरियन, पोलिश, स्लोव्हाक, क्रोएशियन माणसे आली, त्यांच्या वस्त्या, चर्च आणि सभागृहे उभी राहिली, आणि आज त्यांची नातवंडे-पतवंडे आजोबांच्या भाषेतील चित्रपट पाहायला येतात. चित्रपटानंतर अशा कोणाशी दोन शब्द बोलायला मिळाले तर शहराची जी ओळख होते ती एरवी व्हायला वर्षे लागतात. ओहायोशी नाते असलेल्या चित्रपटांसाठी ‘लोकल हीरोज’ हा वेगळा विभाग आहे. त्यातील एक तरी चित्रपट पाहावा.

अनेक चित्रपट एखाद्या स्थानिक संस्थेशी जोडले जातात. ती संस्था आपल्या माणसांना त्या खेळाची माहिती देते. उत्तरपूर्व ओहायोत मराठी कुटुंबे पुरेशी आहेत. भारतातील, विशेषतः मराठी, चित्रपट निवडला गेला आहे असे दिसल्यास येथील मंडळींनी महोत्सवाच्या कार्यालयाशी संपर्क साधून असा सहभाग मागावा. परदेशातून एकटा आलेला दिग्दर्शक आपल्या भाषेच्या माणसांनी भरलेले सभागृह पाहतो तेव्हा त्याला काय वाटत असेल, हे वेगळे सांगायला नको.

खेळाच्या दिवशी अर्धा तास आधी पोहोचावे. तिकिटे संपली असतील तरी लगेच परतू नये; आयत्या वेळी रिकाम्या राहिलेल्या जागांसाठी वेगळी रांग लावली जाते आणि एकट्या प्रेक्षकाला बहुधा जागा मिळते. प्रेक्षकांच्या मतांवरून चित्रपटांना पुरस्कार दिले जातात आणि त्यांपैकी प्रमुख पुरस्कार ‘प्लेन डीलर’ या दैनिकाच्या दिवंगत चित्रपटसमीक्षक रॉक्सॅन म्युलर यांच्या नावाने आहे. मत विचारपूर्वक द्यावे, कारण वितरक नसलेल्या चित्रपटाला अशा पुरस्काराने पुढची दारे उघडू शकतात. चित्रपटानंतर प्रश्नोत्तरे असतील तर थांबावे आणि प्रश्न थोडक्यात विचारावा. चित्रपट का केला यापेक्षा विशिष्ट प्रसंग कसा चित्रित केला, निधी कोठून आला, संकलनात काय गळाले, असे प्रश्न विचारले तर दिग्दर्शक मोकळेपणाने बोलतात. कपड्यांच्या बाबतीत एवढेच सांगतो की एप्रिलमध्येही ईरी सरोवराकडून बोचरा वारा आणि क्वचित बर्फ येतो. जाड कोट घरी ठेवू नये.

नाट्यगृहांतील खेळ संपल्यावर निवडक चित्रपट काही दिवस आंतरजालावर उपलब्ध केले जातात. लहान मुले असलेल्यांना आणि रात्रपाळीच्या डॉक्टरांना त्याचा मोठा उपयोग होतो.

स्वयंसेवक म्हणून काम

ज्यांना तिकिटांचा खर्च झेपत नाही त्यांनी स्वयंसेवक व्हावे, आणि ज्यांना झेपतो त्यांनीही एक वर्ष तरी व्हावे. तिकिटे तपासणे, रांगा लावणे, पाहुण्यांना वाट दाखवणे अशी कामे असतात, आणि केलेल्या पाळीच्या मोबदल्यात सहसा चित्रपट पाहण्याची सोय होते. नोंदणी महोत्सवाच्या काही आठवडे आधी सुरू होते. विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांनी एक काळजी घ्यावी: ना-नफा संस्थेसाठी विनावेतन काम करणे आणि परवानगीशिवाय पगारी काम करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून कोणतेही मानधन देऊ केले गेल्यास आधी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात विचारावे.

इतर महोत्सव

ऑक्टोबरमध्ये शॅग्रिन फॉल्स या धबधब्याच्या गावी माहितीपटांचा महोत्सव भरतो. मेरी अ‍ॅन पॉन्स यांनी तो २०१० मध्ये, माहितीपट करू पाहणाऱ्या आणि तरुण वयात गेलेल्या आपल्या मुलाच्या स्मरणार्थ सुरू केला. गाव लहान असल्याने चित्रपटकर्ते रस्त्यावर, उपाहारगृहात सहज भेटतात. माहितीपटांची आवड असेल तर हा महोत्सव मोठ्या महोत्सवापेक्षाही जवळचा वाटेल. २०१२ पासूनचा ग्रेटर क्लीव्हलँड अर्बन फिल्म फेस्टिव्हल कृष्णवर्णीय चित्रपटकर्त्यांच्या कामाला वाहिलेला आहे. जानेवारीत केस वेस्टर्न विद्यापीठाची फिल्म सोसायटी विज्ञानकथापटांचा अखंड खेळ रात्रंदिवस चालवते. पांघरूण घेऊनच जावे. मोटार असेल तर अ‍ॅक्रनचे नाइटलाइट आणि ओबर्लिनचे अपोलो ही दोन चित्रपटगृहेही आवाक्यात आहेत.

चित्रपट करायचा असेल तर

पाहता पाहता करावेसे वाटू लागलेल्यांसाठी मार्ग आहेत. क्लीव्हलँड स्टेट विद्यापीठाने २०१८ मध्ये चित्रपटाचे स्वतंत्र विद्यालय सुरू केले आणि ते प्लेहाउस स्क्वेअरमध्येच आहे. ग्रेटर क्लीव्हलँड फिल्म कमिशन ही संस्था शहरात चित्रीकरणे आणण्याचे काम करते आणि कार्यशाळाही घेते. ओहायो राज्य चित्रीकरणाच्या खर्चावर ३० टक्के करसवलत देते, परंतु तिच्यासाठी खर्च ३ लाख डॉलरहून अधिक असावा लागतो, म्हणून पहिला लघुपट करणाऱ्याने तिच्यावर आशा ठेवू नये. त्याने प्रवेशिकांच्या मुदतीकडे लक्ष द्यावे. बहुतेक महोत्सव फिल्मफ्रीवे या सेवेमार्फत प्रवेशिका घेतात आणि मुदत जवळ येईल तसे शुल्क वाढते, त्यामुळे संकलन उन्हाळ्यात संपवून प्रवेशिका पहिल्या, स्वस्त टप्प्यातच भरावी. ओहायोत राहून केलेल्या कामाला ‘लोकल हीरोज’ विभागात विचारात घेतले जाऊ शकते, म्हणून अर्जात स्थानिक संबंध स्पष्टपणे नमूद करावा. चित्रपट मराठीत असेल तर इंग्रजी उपशीर्षके दुसऱ्या कोणाकडून तरी तपासून घेतल्याशिवाय तो पाठवू नये.